रजेवरचा क्लब

त्या आवाजाने माझं डोकं उठलं होतं. धप्, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा धप्. शेजारच्या घरातून मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या कुंपणावर काहीतरी आपटत होतं, आणि नेमकं माझी मीटिंग सुरू झाली की आपटत होतं. मॅनेजरने एकदा गंभीर चेहऱ्याने विचारलं, तुझ्याकडे बांधकाम चालू आहे का? मी म्हटलं, नाही, माझ्याकडे काहीच चालू नाही.

सिडनीतलं ते दुसऱ्या वर्षीचं लॉकडाऊन होतं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी हौसेने केक केले, पत्ते कुटले, ऑनलाइन अंताक्षऱ्या खेळल्या. दुसऱ्या वर्षी हौस फिटली होती. शिवाय या वेळी शहराच्या पश्चिमेला, म्हणजे आम्हाला, वेगळे आणि जास्त कडक नियम होते. समुद्राकाठचे लोक बातम्यांत पोहताना दिसायचे आणि आमच्या ब्लॅकटाउनवर हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. आम्ही क्वेकर्स हिलला राहतो. गिरावीनची आपली दुकानं त्या पाच किलोमीटरच्या पलीकडे पडली, त्यामुळे घरातले पोहे संपले ते संपलेच.

नवरा रेल्वेच्या सिग्नलचं काम करतो, त्याला कामावर जायची परवानगी होती. तो रोज सकाळी गाडी काढायचा आणि मी खिडकीतून त्याच्याकडे बघत दातओठ खायचे. मुलगी तिच्या खोलीत लॅपटॉपवर शाळा करायची. दार उघडून काही विचारावं तर, "मम्मा, दे कॅन सी यू," म्हणून मलाच हाकलायची. मग मी स्वयंपाकघर ते मागचं दार आणि मागचं दार ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालायचे. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई माझ्या लहानपणापासून म्हणत आली. भिंगरी अजून होती, फिरायला जागा उरली नव्हती.

तर त्या दिवशी मीटिंग संपल्याबरोबर मी दुधाच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट कुंपणाला लावला, त्यावर चढले आणि पलीकडे डोकं काढून भांडायच्या आवाजात म्हटलं, "एक्सक्यूज मी!"

शेजारचे काका गवतावर आडवे पडले होते. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. आता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, ती कधी येणार, मी पलीकडे उडी मारली तर ते नियमात बसतं का, असं सगळं एकदम डोक्यात आलं. तेवढ्यात काका एका कुशीवर वळले. त्यांच्या छातीशी घट्ट धरलेला फुटबॉल होता.

"लागलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "वाचवला."

ते बॉल कुंपणावर फेकायचे आणि परत आलेला बॉल झेप घेऊन पकडायचे. खाली जुनी गादी टाकलेली होती. रोज, कामाला गेल्यासारखे, हेच. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी हात हलवण्यापुरतंच होतं. ते ब्राझीलचे आहेत, पूर्वी इथे बस चालवायचे, बायको करोनाच्या आधीच गेली, मुलगा पर्थला आहे, एवढीच माहिती. घरात आम्ही त्यांना ब्राझीलकाका म्हणायचो. भांडायला चढलेली मी, खाली उतरले तेव्हा मीटिंगच्या वेळा त्यांना सांगून आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन उतरले.

दुसऱ्या दिवसापासून मी विनाकारण क्रेटवर चढायला लागले. नवऱ्याने विचारलं, "एवढं काय बोलता गं तुम्ही?" मी म्हटलं, "फुटबॉल." तो हसत सुटला, कारण मला ऑफसाइड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आजही नाही.

काका मला विझीन्या म्हणायचे, म्हणजे शेजारीण. आणि सांगायचे ते एकाच गोष्टीबद्दल: त्यांच्या गावचा फुटबॉल क्लब. ब्राझीलच्या आतल्या भागातलं, नकाशात बोट ठेवावं तर बोटाखाली आणखी दहा गावं झाकली जातील असं गाव. गावात कौलांचा एक मोठा कारखाना. कौलं करणाऱ्या कामगारांनी क्लब काढला. पांढरे शर्ट शिवून आणले, पण हातापायाची लाल माती धुऊन धुऊन ते शर्ट पहिल्याच मोसमात विटकरी झाले. मग पुढच्या वर्षी सरळ विटकरी रंगाचेच शिवले. मैदान नदीकडे उतरतं होतं. नाणेफेक जिंकली की त्यांचा कॅप्टन पहिला डाव मुद्दाम चढावर खेळायला घ्यायचा, म्हणजे दुसऱ्यात पाहुणे दमलेले आणि चढ त्यांच्या वाट्याला. प्रेक्षकांच्या बाकांवर कारखान्यातल्या खराब निघालेल्या कौलांचं छप्पर होतं. बॉल उंच गेला की कौल फुटायचं, म्हणून प्रत्येक मॅचला एक माणूस शिडी आणि दोनचार कौलं घेऊन बसलेला असायचा. गोल झाला तरी टाळ्या आणि त्याने कौल बसवलं तरी टाळ्या.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

काका दोन नंबरचे गोलकीपर होते. म्हणजे बाकावर बसणारे. एक नंबरचा गोलकीपर असा घोड्यासारखा धडधाकट की त्याला कधी पडसंसुद्धा झालं नाही. शेवटी त्याचं लग्न मॅचच्याच रविवारी निघालं, तेव्हा काका एकदाचे मैदानात उतरले. मॅच हरले. पण एक पेनल्टी अडवली, आणि हरलेल्या मॅचनंतर कॅप्टनने त्यांना खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. जिंकलेले पाहुणे वेड्यासारखे बघत राहिले, असं काका सांगायचे. तो कॅप्टन त्यांचा जिवलग मित्र. अजून त्याच गावात होता. दोघांचं फोनवर बोलणं म्हणजे निम्म्या शिव्या.

मग फुटबॉलच्या वरच्या मंडळाने नियम काढला, की स्टेडियममध्ये अमुक इतक्या खुर्च्या हव्यात. गावात तेवढी माणसंच नव्हती. क्लबने वर्षभराची रजा मागितली. तिकडे तशी सोय आहे: क्लब काही दिवस खेळणार नाही, पण यादीतून त्याचं नाव काढायचं नाही. वर्षाने रजा वाढवली. मग पुन्हा वाढवली. मधे कारखाना बंद पडला, मैदानात गवत माजलं, पण दर वर्षी सभा भरवून रजा तेवढी न चुकता वाढवली गेली.

"म्हणजे क्लब बंद आहे," मी म्हटलं.

"बंद नाही." काकांनी बोट वर केलं. "रजेवर आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "इतकी वर्षं रजा? माझ्या कंपनीत आठवडा मागितला तर चेहरे पडतात." काका हसले नाहीत. ते म्हणाले की बायकोला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा कॅप्टन बसपर्यंत सोडायला आला होता. काकांना म्हणाला, तू पण रजेवर आहेस असं समज, बाकावरची तुझी जागा मी कुणाला देत नाही. "क्लब रजेवर आहे तोवर मीही रजेवर आहे, विझीन्या. तो बंद झाला, तर मी नुसता सोडून आलेला माणूस."

मला त्या बोलण्याचा रागच आला. राग आला कारण ते नको तिथे लागलं. आम्ही पुण्याहून इथे आलो ते दोन वर्षांसाठी. प्रोजेक्ट करू, जरा जग बघू आणि परत. मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत, मग मुलगी शाळेत जाईपर्यंत, मग घराचे हप्ते जरा आटोक्यात येईपर्यंत. पुण्याच्या फ्लॅटमधलं कपाट आम्ही अजून रिकामं केलेलं नाही. आई आठवड्याला विचारायची, विमानं कधी सुरू होणार गं? मी म्हणायचे, होतील. त्या दिवशी मी क्रेटवरून उतरले, आत जाऊन उगाचच सगळे डबे काढून फडताळ पुसलं आणि मुलीवर विनाकारण खेकसले.

क्लबवर खरं संकट आलं ते त्याच सुमाराला. कारखान्याच्या मालकाचा नातू आता क्लबचा अध्यक्ष होता. मैदान गावाच्या मधोमध, तिथे एका सुपरमार्केटला जागा हवी होती. रजा वाढवायच्या ऐवजी या वेळी त्याने क्लब कायमचा बंद करून मैदान विकायचा ठराव आणला. आणि साथीमुळे सभा व्हिडिओवर. त्यामुळे गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच काकांना सभेला बसता येणार होतं. जगभर सगळं बंद असताना त्यांच्यासाठी एवढं एक दार उघडलं होतं, आणि ते उघडलं कशासाठी, तर क्लब बंद करायला.

काका आणि कॅप्टनने फोनवर डाव रचला. क्लबच्या घटनेप्रमाणे असा ठराव करायला निम्मे सभासद हजर हवेत. जुन्या खेळाडूंपैकी कुणीही सभेला जायचंच नाही. गणसंख्या भरली नाही की सभा बारगळली. गावातल्या म्हाताऱ्यांना कळवायचं काम कॅप्टनकडे. काका एकटेच जाणार होते, कारण त्यांना सभा बारगळताना अध्यक्षाचं तोंड बघायचं होतं. एकट्याने काही गणसंख्या भरत नाही, असं म्हणून त्यांनी मला डोळा मारला.

त्यानंतर कॅप्टनचं उत्तर येईना. काका रोज एक व्हॉइस मेसेज पाठवायचे. तो पोचल्याच्या खुणा उमटायच्या, पण पलीकडून काही नाही. मी म्हटलं, "फोन करून बघा ना."

"तो मॅचच्या आधी बोलत नाही," काका म्हणाले. "कधीच बोलायचा नाही. मौनात जातो."

सभा तिकडे शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे रविवारी सकाळी. काकांचा संगणक डबा झाला होता. मी माझा जुना लॅपटॉप सॅनिटायझरने पुसून कुंपणावरून त्यांच्या हातात दिला. आमचं वायफाय त्यांच्या अंगणापर्यंत पोचत होतं, म्हणून त्यांनी टेबल अगदी कुंपणाला चिकटवलं आणि मी क्रेटवर उभी राहून वरून सूचना देत होते. थंडी होती. काका विटकरी रंगाचा स्वेटर घालून, दाढी करून, केसांना पाणी लावून बसले होते. माझी मुलगी खिडकीतून ओरडली, "इज ही विनिंग?"

"अजून सुरू नाही झालं!" मी म्हटलं.

पडद्यावर मोजकीच माणसं उगवली. अध्यक्ष: गुळगुळीत चेहऱ्याचा, मागे पुस्तकांची खोटी भिंत. सेक्रेटरी: एक तरुण बाई, शाळेत शिकवणारी, असं काकांनी सांगितलं. आणखी चारदोन चौकोन. सगळे वाट बघत राहिले. सेक्रेटरीने घड्याळ बघितलं, काहीतरी बोलली, अध्यक्षाने मान डोलावली, आणि एकेक चौकोन काळा झाला.

काकांनी टेबलावर हात आपटला. "नाही भरली! गणसंख्या नाही भरली! बघितलंस? एकसुद्धा म्हातारा आला नाही. याला म्हणतात शिस्त!" त्यांनी फोन उचलला आणि कॅप्टनला मेसेज रेकॉर्ड करायला लागले. मला भाषा कळत नव्हती, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. बोलता बोलता ते हसायला लागले, इतके की खोकला आला. पाठवून झाल्यावर मला म्हणाले, "त्याला सांगितलं, जिंकलो रे गाढवा. असाच पडून राहा घरात, आळशी कुठला, उठू नकोस."

मलाही आनंद झाला. त्या सगळ्या महिन्यांत कुणीतरी काहीतरी जिंकल्याची ती पहिलीच बातमी. म्हटलं, थांबा, तुमच्यासाठी उपमा आणते. आत जाऊन कांदा चिरला, फोडणी केली, रवा परतायला घेतला. परतता परतता हात थांबला.

माझे बाबा पुण्याच्या आमच्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि सभेची सूचना जिन्यात चिकटवायचं काम माझ्याकडे असायचं. त्या सूचनेचं शेवटचं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. सोसायटीत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून तर पहिल्या वेळेला कुणी फिरकायचंच नाही. बाबा एकटे खुर्च्या मांडून बसायचे, सभा तहकूब करायचे, आणि अर्ध्या तासाने सगळे जेवून, हात पुसत यायचे. झाडून सगळे ठराव त्या दुसऱ्या सभेत व्हायचे. आणि पडद्यावरचा तो अध्यक्ष, सभा बारगळल्यावर, चिडला नव्हता. त्याने नुसती मान डोलावली होती.

मी गॅस बंद करून धावले. "काका, तुमच्याकडे दुसरी सभा असते का? थोड्या वेळाने? कितीही माणसं असली तरी चालते अशी?"

"सूचनेत लिहितात तसं," काका म्हणाले. "पण ती नुसती रीत आहे. दुसऱ्या वेळेला कोण बसतं?"

"आमच्याकडे सगळं त्याच वेळेला होतं! लॅपटॉप उघडा. उघडा आधी!"

काकांचा चेहरा उतरला. मी वरून बोट नाचवत सांगत होते, इथे दाबा, तिथे नाही, इथे. शेवटी पडदा उजळला. सभा सुरू झालेली होती. मघाचेच मोजके चौकोन, आणि सेक्रेटरी एकेक नाव वाचत होती.

"हजेरी घेतायत?" मी विचारलं. काकांनी मान हलवली.

नाव वाचलं की कुणीतरी "प्रेझेन्ची" म्हणायचं, म्हणजे हजर. मग एक नाव वाचलं गेलं, आणि ज्या माणसाने आधीच स्वतःची हजेरी दिली होती तोच पुन्हा "प्रेझेन्ची" म्हणाला. पुढच्या नावालाही तोच. त्यापुढच्या नावाला एक बाई म्हणाली, आणि म्हणताना तिने डोळ्यांना रुमाल लावला.

"हे काय चाललंय? एकेक माणूस दोनदोनदा का बोलतोय?"

काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांच्याकडे वर्षाच्या सभेत मधल्या काळात वारलेल्यांचीही नावं वाचतात. त्या माणसाचं कुणी जवळचं असेल त्याने त्याच्या वतीने हजर म्हणायचं. एरवी दोनतीन नावं असतात, ते म्हणाले. मग ते बोलायचे थांबले, कारण नावं संपत नव्हती.

मला तेव्हा कळलं. काकांना माझ्या आधी कळलं असणार. म्हाताऱ्यांनी शिस्त पाळली नव्हती. ब्राझीलच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी बघितल्या होत्या, ते खणलेले खड्डे, ऑक्सिजनसाठीच्या रांगा. बघून चॅनेल बदलला होता, कारण त्या आधी आपल्याकडच्या तशाच बघून झाल्या होत्या.

आमच्या सोसायटीत जो आला नाही त्याच्यापुढे बाबा गैरहजर असा शेरा मारायचे. इथे मेलेली माणसं एकामागून एक हजर होत होती.

मग सेक्रेटरीने एक नाव वाचलं आणि कुणीच काही बोललं नाही. तिने चष्मा वर करून सगळ्या चौकोनांकडे बघितलं आणि तेच नाव पुन्हा वाचलं. पडद्यावरची माणसं तरुण होती, नाहीतर अध्यक्षाच्या गोतावळ्यातली. काकांचे ओठ हलत होते. ते बोलत होते, पण आवाज कुठेच जात नव्हता.

"अनम्यूट!" मी ओरडले. "काका, तुम्ही म्यूटवर आहात! तो लाल, तो लाल माइक!"

त्यांना दिसेना. मी कुंपणावर पोट टेकवून अर्धी पलीकडे लोंबकळले आणि स्वतःच बटण दाबलं. दीड मीटरचं अंतर गेलं खड्ड्यात.

"प्रेझेन्ची," काका म्हणाले. सेक्रेटरी दचकली. मग ते मोठ्याने म्हणाले, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, "प्रेझेन्ची!"

मी विचारलं नाही तो कोण. ते कॅप्टनचं नाव होतं.

ठरावावर बोलायला काकांनी भाषण तयार केलं होतं. कितीतरी दिवस ते मला इंग्रजीत करून दाखवत होते आणि मी कात्री लावत होते. त्यातलं ते एक अक्षर बोलले नाहीत. मत विचारल्यावर फक्त नाही म्हणाले. रुमालवाली बाईही नाही म्हणाली. बाकी सगळे हो. अध्यक्षाने आभार मानले, सेक्रेटरीने लिहून घेतलं, आणि क्लब बंद झाला. हे व्हायला, मघाशी मला कांदा चिरायला लागला होता, त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

मी क्रेटवर तशीच उभी होते. वरून पुन्हा ते हेलिकॉप्टर गेलं. त्याला खाली ओढून आपटावं असं मला वाटलं. इतका संताप येत होता आणि तो टाकायला कुठे जागा नव्हती. अध्यक्षावर टाकावा तर त्याने नियमाने सगळं केलं होतं. शेवटी मी म्हटलं, "मी उगाच तुम्हाला उघडायला लावलं. निदान आजचा दिवस तरी तुम्ही आनंदात..."

"मूर्खासारखं बोलू नकोस," काका म्हणाले. माझ्याशी ते असं पहिल्यांदाच बोलले. "त्याचं नाव तिने दोनदा वाचलं. मी नसतो तर तिसऱ्यांदा न वाचता पुढे गेली असती."

मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते एकदम उठून उभे राहिले. फोन माझ्यापुढे धरला. "हे परत घेता येतं का? तू कॉम्प्युटरमधली आहेस. मघाशी पाठवलेलं. त्याची बायको ऐकेल. फोन तिच्याकडे असणार. मी त्याला म्हटलंय, असाच पडून राहा, उठू नकोस. हसतोय मी त्यात, विझीन्या."

"येतं, येतं," मी म्हटलं आणि हात लांब केला. फोन माझ्या हातात पडायच्या आतच वाजायला लागला. पडद्यावर एक फोटो: मातीने माखलेला शर्ट घातलेला, जाड मिशीचा माणूस, तोंड उघडून हसणारा. कॅप्टनच्या नंबरवरून फोन येत होता.

काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. वाजू दिला. मग घेतला.

मी उतरून आत जायला हवं होतं, पण तिथेच उभी राहिले. पलीकडून बाईचा आवाज येत होता, खूप वेळ एकटीच बोलत होती. काका पाठमोरे उभे होते, कपाळ मागच्या कुंपणाच्या पत्र्याला टेकवून. मधेच ते हसले, आणि ते हसणं लगेच दुसरंच काहीतरी झालं. मला वाटलं आपण बघू नये, म्हणून मी त्यांच्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. मुलगी मागच्या दारात येऊन उभी होती.

फोन झाल्यावर काकांनी कपाळ पत्र्यावरून उचललं. मग म्हणाले, "ऐकलं तिने. म्हणाली, तो गेल्यापासून जो तो फोन करून रडतो. तो किती चांगला होता ते तिलाच सांगतो. त्याला गाढव म्हणणारा मीच पहिला. म्हणाली, तीन वेळा ऐकलं."

"आणि क्लबचं?" मी विचारलं. "त्याबद्दल विचारलं का तिने?"

"विचारलं." काकांनी बाहीने नाक पुसलं. "म्हटलं, रजा एक वर्ष वाढवली."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"उद्या गावात कळेलच तिला," ते म्हणाले. "माझ्या तोंडून नको."